रॉड्रिग्ज, मूळचे कुठले?

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होतो तेव्हा कॉलनीत आमच्या शेजारी एक रॉड्रिग्ज राहत. वसईचे. घरात सामवेदी बोलत, आमच्याशी आमच्यासारखंच. २७ फेब्रुवारीला मराठी दिनाच्या कार्यक्रमात ते चार शब्द बोलले की कुणीतरी हमखास म्हणायचं, "वा, मराठी छान बोलता हो तुम्ही!" ते हसायचे. मला ते कौतुक अजून टोचतं. जन्मभर स्वतःच्याच भाषेत पास होत राहायचं, दरवर्षी!

त्यामागून ठरलेला प्रश्न: "पण हे नाव मूळचं कुठलं?"

तर ऐका. मूळचं जर्मानिक. 'रोडेरिक', म्हणजे कीर्ती आणि सत्ता. याच नावाचा व्हिसिगॉथ राजा ७११ च्या सुमारास स्पेनमध्ये तारिकच्या फौजेपुढे हरला. पोर्तुगीज भाषेत त्याचं रोड्रिगो झालं आणि रोड्रिगोचा मुलगा तो रॉड्रिग्ज. (आपण बापाचं नाव मध्ये लावतो, त्यांनी शेवटी लावलं, इतकंच.) १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि बाप्तिस्म्याबरोबर तिथल्या लोकांना अशी आडनावं मिळाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, आडनावं राहिली, वाड्या राहिल्या, बोलीही राहिली.

यातला 'रिक' आपल्या 'राजन्'चा नातलग आहे आणि पहिला भाग 'कीर्ती'शी जोडला जातो. म्हणजे झाला की कीर्तिराज! हे मी एकदा उत्साहानं सांगून बसलो, तर मंडळी खूश. "बघा, म्हणजे आपलेच की!" तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. धातू जुळला म्हणून शेजारी आपला? आणि जुळला नसता तर काय, वसईला परत पाठवणार होतात?

आमच्याच भागात साहेबराव आहेत, गुलाबराव आहेत. 'साहेब' अरबी, 'गुलाब' फारसी. फडणवीस, चिटणीस यांच्यातलं शेपूटही फारसीच. शहाजीराजांच्या नावातला 'शाह' कुठून आला? यांना कुणी मूळ विचारत नाही, विचारूही नये. म्हणजे तक्रार परकीय शब्दाची नाहीच. तक्रार बाप्तिस्म्याची आहे, तर ती तशी बोला. व्युत्पत्तीच्या आड कशाला लपता? २०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विरोधकांनी निदान त्यांच्या धर्मावर उघड बोट ठेवलं होतं. 'सुवार्ता'चं संपादन केलेला, आयुष्यभर मराठीत लिहिलेला माणूस, आणि त्यालाही हे चुकलं नाही. आमचे रॉड्रिग्ज तर वीजकेंद्रातले साधे नोकरदार. निरोप समारंभातही त्यांना विचारलं गेलं, "आता गावी, म्हणजे गोव्याला का?"