माणिक, नीलम आणि पाचू

नवरत्नांविषयीं आमच्या कुटुंबांतून जेवढी श्रद्धा आहे, तेवढेंच भयहि आहे. सूर्याचें माणिक आनंदानें बोटांत घालावें. परंतु शनीचा नीलम धार्जिणा आहे कीं नाहीं, हें तो उशाशीं ठेवून आधीं पाहावें, असा प्रघात आहे. या खड्यांविषयीं खनिजशास्त्र काय सांगतें, तें आज वाचकांपुढें ठेवावयाचें आम्हीं योजिलें आहे.

माणिक व नीलम हीं एकाच खनिजाचीं दोन रूपें आहेत. त्या खनिजास कुरुंद म्हणतात. ॲल्युमिनियम व प्राणवायु यांच्या संयोगानें झालेला हा कुरुंद निखळ शुद्ध असेल, तर कांचेप्रमाणें वर्णहीन असतो. त्यांत शेंकडा एक किंवा त्याहूनहि कमी क्रोमियम मिसळलें कीं माणिक होतें. लोह व टायटॅनियम यांचा अंश आला कीं निळा नीलम होतो. पुराणांत शनि हा सूर्याचा पुत्र. खाणींत तर दोघांचा पिंड एकच!

पांढऱ्या प्रकाशांत सर्व रंग असतात. कुरुंदांतील क्रोमियम त्यांपैकीं जांभळा व हिरवा-पिवळा भाग शोषून घेतें आणि तांबडा पुढें जाऊं देतें. म्हणून माणिक लाल दिसतें. हेंच क्रोमियम बेरिल नांवाच्या खनिजांत शिरलें कीं सभोंवतालच्या अणूंची त्यावरील पकड किंचित् सैल पडते, शोषण तांबड्याकडे सरकतें व खडा हिरवा दिसतो. तोच बुधाचा पाचू. पुण्याजवळहि असेंच उदाहरण आहे. वाघोलीच्या दगडखाणींतील निळेंशार कॅव्हॅन्साइट आणि पाषाणच्या टेकड्यांतील हिरवें अपोफिलाइट, या दोहोंस रंग देणारें द्रव्य एकच, व्हॅनेडियम. तात्पर्य, रंग हा एकट्या द्रव्याचा गुण नव्हे. तो संगतीचा गुण होय.

आणि ही संगत घडण्यास काळ लागला. अमेरिकन खनिजशास्त्रज्ञ रॉबर्ट हेझन व त्यांचे सहकारी यांनीं २००८ सालीं खनिजांच्या उत्क्रांतीचा विचार मांडिला. त्यांच्या मतें सूर्यमालेपूर्वींच्या धुळींत जेमतेम डझनभर खनिजें होतीं. उल्कापाषाणांत सुमारें २५० झालीं. पृथ्वीवरील उष्णता, दाब व पाणी यांनीं ती संख्या १,५०० च्या आसपास नेली. पुढें सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनीं सोडलेला प्राणवायु सुमारें २४० कोटी वर्षांपूर्वीं वातावरणांत सांचूं लागला. लोह गंजून भूमि तांबूस झाली. तांब्यापासून हिरवें मॅलाकाइट व निळें अझुराइट बनूं लागलें. आज ज्ञात खनिजें सहा हजारांहून अधिक आहेत, व त्यांतील बहुसंख्य प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणें जीवसृष्टीचें देणें आहे, असें हेझन यांचें प्रतिपादन आहे. तुळशीवृंदावनास आपण लावतों तो गेरूहि अशा गंजलेल्या लोहाचाच रंग होय.

खड्याच्या रंगांत कोणाची कृपा नाहीं, कोणाचा कोपहि नाहीं. पुष्कळ नीलमांचा रंग तर भट्टींत तापवून खुलविलेला असतो! हौस असेल त्यानें नीलम अवश्य घ्यावा, मात्र परीक्षागारांतून पारखून घ्यावा. परंतु साडेसातीच्या धास्तीनें कर्ज काढून, किंवा मुलीच्या शिक्षणासाठीं ठेवलेली पुंजी मोडून तो घरांत आणूं नये, एवढेंच आमचें गृहस्थांस व गृहिणींस सांगणें आहे.