मृत्यूकडील उमेदवारी : एका विनोदी कादंबरीच्या अभ्यासाविषयी

विनोदी अद्भुत कादंबरी शोधनिबंधासाठी निवडली की अभ्यासकाला प्रथम संकोच वाटू लागतो. प्रस्तावनेतच ‘वरवर विनोदी, परंतु अंतर्यामी गंभीर’ असा निर्वाळा दिला जातो. पुढे विनोद फोलपटासारखा पाखडून टाकला जातो आणि तत्त्वचिंतनाचे दाणे तेवढे वेचले जातात. टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाच्या ‘मॉर्ट’ (१९८७) या कादंबरीवर ही पद्धत चालविली, तर हाती काहीच लागत नाही. कारण येथे दाणा आणि फोलपट वेगळे नाहीत.

उमेदवारांच्या बाजारात मध्यरात्रीपर्यंत कोणीही न पत्करलेल्या मॉर्ट नावाच्या खेडवळ मुलाला अखेर साक्षात मृत्यू कामावर घेतो. सांगाडा, काळा झगा, लांब दांड्याचा विळा ही युरोपीय चित्रपरंपरेतील सामग्री प्रॅचेट जशीच्या तशी उचलतो. घोड्याचे नाव मात्र ‘बिंकी’, आणि जीवनमरणाचे रहस्य शिकू पाहणाऱ्या उमेदवाराचे पहिले काम त्याच घोड्याच्या तबेल्यातील लीद काढण्याचे!

कथेचा पेच राजकन्या केलीच्या प्रसंगात आहे. तिची हत्या ठरलेली असता मॉर्ट दयेपोटी तिला वाचवितो. परंतु इतिहास ती मेली असे धरूनच पुढे चालतो. ती समोर उभी असूनही सेवकांचे तिच्याकडे लक्ष जात नाही, गेले तरी ते तिला लगेच विसरतात. शेवटी आपण जिवंत आहोत याची लोकांना सतत आठवण करून देण्यासाठी तिला एका जादूगाराची रीतसर नेमणूक करावी लागते. वाचक येथे हसतो, आणि जिवंत असणे म्हणजे इतरांनी आपली दखल घेणे हा विचार त्या हसण्यातूनच त्याच्यापर्यंत पोहोचतो. ‘अस्तित्व व सामाजिक मान्यता’ असे शीर्षक देऊन तो विचार वेगळा काढला, की तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल इतका सामान्य होतो. ‘एकच प्याला’तील तळीरामाला केवळ ‘ताण हलका करणारे पात्र’ मानणारी समीक्षा हीच चूक करते.

मराठी अभ्यासकाला येथे कठोपनिषदातील नचिकेत आठवणे स्वाभाविक आहे. तोही मृत्यूच्या घरी गेलेला मुलगाच. परंतु साम्य दाखवून थांबणारी तुलना निरुपयोगी ठरेल. नचिकेताला ज्ञान मिळते, मॉर्टला काम मिळते. यम हा धर्मराज आहे. प्रॅचेटच्या मृत्यूला निवाड्याचा अधिकारच नाही. शिवाय येथे अज्ञानी आहे तो मृत्यूच. जगण्यात लोकांना गोडी कसली वाटते हे कळावे म्हणून तो रजेवर जातो, नाचून पाहतो, मद्य पिऊन पाहतो, आणि एका खाणावळीत आचारी झाल्यावर कोठे सुखावतो. गुरूच शिकायला बाहेर पडलेला, ही उलथापालथ उपनिषदाच्या चौकटीत बसत नाही. म्हणूनच ती तपासण्याजोगी आहे.

लेखकाच्या चरित्राविषयीही सावध राहावयास हवे. प्रॅचेटला २००७ मध्ये अल्झायमरचा एक विरळ प्रकार झाल्याचे निदान झाले, २०१५ मध्ये त्याचा मृत्यू झाला. ‘मॉर्ट’ त्या निदानाच्या वीस वर्षे आधीची. नंतरच्या आजाराची छाया तिच्यावर पाडून तिला ‘गंभीर’ ठरविणे हा विनोदावरील अविश्वासाचाच दुसरा प्रकार होय.

या कादंबरीच्या शैलीचा प्रश्न मात्र फारसा कोणी हाती घेत नाही. मूळ इंग्रजीत मृत्यूचे बोलणे अवतरणचिन्हांवाचून, लहान आकाराच्या कॅपिटल अक्षरांत छापलेले असते. तो आवाज कानांना न शिवता थेट मनात उमटतो, असे कादंबरी सांगते. मॉर्ट जसजसा मृत्यूसारखा होत जातो, तसतसे त्याचेही शब्द त्या टंकात उतरू लागतात. माणूसपण हरवत चालल्याचे हे दृश्य चिन्ह आहे, आणि ते तितकेच गमतीचेही आहे. देवनागरीत अक्षरांचा असा भेद नाही. ठळक टंक वापरला तर मृत्यू ओरडतो आहे असे वाटेल. प्रॅचेटचा मृत्यू कधीच ओरडत नाही. संस्कृतप्रचुर भाषा दिली तर तो कीर्तनकार वाटेल. मराठी अनुवादकाने त्याला कोणता आवाज द्यावा, हा एका स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.