रंगाचे वेगळे पैसे

पावसाळा सरत आला की आमच्या अंबाजोगाईच्या बाजारात ऊसतोड कामगारांची खरेदी सुरू होते. मुकादमाकडून उचल हाती आलेली असते. कोयता, ताडपत्री, घागरी, लेकरांची गरम कपडी, मीठ-मिरची असा पाच-सहा महिन्यांचा संसार बांधला जातो. किराणा दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात, त्यांच्या शेजारीच गोरे करणाऱ्या क्रीमच्या पुड्या. एका तरुण बाईने त्यातल्या चार पुड्या घेऊन पदराच्या गाठीत बांधलेल्या मी पाहिल्या. पहाटेपासून फडात ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर वाहून ट्रक भरायचा, आणि उन्हाने चेहऱ्यावर केलेली खूण पुसायला ही पुडी! मला हसू आले. त्या हसण्याची आज लाज वाटते.

मी शाळेत शिकवत असे. माझी एक जुनी विद्यार्थिनी गेल्या वर्षी आईबरोबर घरी आली. तोंडाला स्कार्फ घट्ट बांधलेला. घरात आल्यावरही सोडेना. आईने दटावल्यावर सोडला, तेव्हा मी दचकलेच. गाल लालभडक, कातडी पातळ होऊन बारीक शिरा दिसू लागलेल्या, हनुवटीवर पुटकुळ्या. वर्षभर ती कुणीतरी सांगितलेली ट्यूब लावत होती. डॉक्टरची चिठ्ठी नाही, काही नाही. तिला घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सांगितले, हे स्टेरॉइडचे मलम आहे. ते एखाद्या विकारावर, मोजक्या दिवसांसाठी द्यायचे असते. पहिले काही आठवडे चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग कातडी पातळ होते, ऊन सोसत नाही, आणि मलम थांबवले की आग होते, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते.

घरी परतल्यावर मी तिला भाषण दिले. रूप काय चाटायचंय, तू पदवीधर आहेस, स्वतःच्या पायावर उभी राहा, वगैरे. मुलगी खाली मान घालून ऐकत होती. तिच्या आईने मात्र उत्तर दिले.

"बाई, तुमचं खरंय. पण पाहायला येणारे मार्कशीट उघडून बघत नाहीत. पोरगी काळी दिसली की आकडा वाढवतात. रंगाचे पैसे वेगळे. त्या पैशासाठी आम्हाला आणखी एका सीझनची उचल अंगावर घ्यावी लागती. त्यापरीस ट्यूब स्वस्त पडती."

माझ्याकडे याला उत्तर नव्हते. बायका जाहिरातींना भुलतात, त्यांच्यात आत्मविश्वास नाही, असे आपण सुशिक्षित लोक सहज म्हणतो. इथे तर भुलण्याचा प्रश्नच नव्हता. त्या माउलीने हिशेब केला होता, आणि आपल्या समाजाचे भाव पाहता तो चुकीचाही नव्हता.

जाहिरातवाल्यांनी हाच हिशेब आपल्या आधी ओळखला. फेअर अँड लव्हली बाजारात आली १९७५ साली. पुढे घरोघर टीव्ही आला, १९९४ साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय विश्वसुंदरी व जगत्सुंदरी झाल्या, आणि सौंदर्य ही कमावण्याची वस्तू आहे हे खेड्यापाड्यांतल्या मुलींनाही पटू लागले. त्या क्रीमची एक जाहिरात अनेकांना आठवत असेल. बाप हताशपणे म्हणतो, मुलगा असता तर! मुलगी ते ऐकते, क्रीम लावते, गोरी होते, हवाई सुंदरीची नोकरी मिळवते, आणि बापाचे दुःख हलके होते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या, सरकारनेही आक्षेप घेतला आणि २००३ मध्ये ती जाहिरात बंद झाली.

मुंबई-पुण्याच्या वाचकांना ती केवळ ओंगळ वाटली असेल. बीड जिल्ह्यात ती वेगळी ऐकू येते. २०११ च्या जनगणनेत इथे सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८०७, राज्यात सर्वांत कमी. 'मुलगा असता तर' हे वाक्य आमच्याकडे कुणा लेखकाला सुचावे लागत नाही. जाहिरातीने एवढेच केले, की मुलगी म्हणून जन्मल्याची भरपाई रंगाने करता येते असे सांगितले, आणि त्या भरपाईची किंमत एका पुडीएवढी ठेवली.

नंतर नियम आले. सावळी व्यक्ती दुःखी, लग्नात वा नोकरीत मागे पडलेली दाखवू नये, असे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने २०१४ साली ठरवले. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. हे चांगलेच झाले. पण गोरेपणाऐवजी 'तेज' म्हटले म्हणून पाहायला आलेल्या मंडळींची नजर बदलत नाही. आणि ती ट्यूब टीव्हीवर कधी झळकली नव्हती. भूक तयार असली की जाहिरात लागत नाही.

ही भूक आपल्या बोलण्यातच आहे. 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.' या 'पण'वर सगळा धंदा उभा आहे. विठोबाच्या सावळेपणावर आपण शतकानुशतके अभंग गातो, तिथे कुणी 'पण' घालत नाही. आमच्या गावची योगेश्वरी देवी तर, आख्यायिकेप्रमाणे, परळीच्या वैजनाथाशी ठरलेल्या लग्नाचा मुहूर्त टळल्याने अविवाहित राहिली. तिच्या दर्शनाला कोकणातून माणसे येतात, आणि घरी जाऊन सुनेचा रंग विचारतात.

विचारणाऱ्यांत मीही होते. सात वर्षांपूर्वी मुलासाठी स्थळे आली, तेव्हा शिक्षणाच्या आधी मी फोनवर विचारले होते, "रंग कसा आहे हो मुलीचा?" पलीकडच्या आईचा आवाज क्षणभर थांबला होता. "गव्हाळ आहे," ती म्हणाली. ते खरे होते की नाही ठाऊक नाही, कारण मी ते स्थळ पुढे नेलेच नाही.

आता पुतण्याचे जमवायचे आहे. वहिनींनी वधूसंशोधनाचा मजकूर लिहिला, मी त्यातला 'गोरी' हा शब्द खोडला. त्यांनी तो परत लिहिला. मी पुन्हा खोडला. पुतण्या म्हणतो, तुम्ही दोघी काय ते ठरवा. मी त्यालाच विचारले, तुझे मत काय? तो मोबाइल घेऊन गच्चीवर निघून गेला. कागद अजून टेबलावरच आहे.