चार माणसांच्या धंद्यालाही एक कागद द्या

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, ब्रिटन, यांस



मी नॉटिंगहॅममध्ये कार्पेट सफाईचा छोटा व्यवसाय करतो. एक व्हॅन, दोन मशीन आणि जून-जुलैच्या गर्दीत मदतीला येणारी एक-दोन मुले, एवढाच पसारा. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण या कामाला लागणाऱ्या मुलांत सांगली-नाशिक-लातूरकडून इथल्या दोन विद्यापीठांत शिकायला आलेलीही असतात. त्यांच्या घरच्यांना हे वाचता आले पाहिजे. आपल्या कार्यालयाला भाषांतर करून घेणे अवघड नाही.

मागणी आधीच सांगतो. कामातले धोके कोणते आणि ते कसे टाळायचे याचा विचार प्रत्येक मालकाने करायचा, असे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा आपला कायदा म्हणतो. तो विचार कागदावर उतरवण्याची सक्ती मात्र पाच किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तरच आहे. 1999 च्या व्यवस्थापन नियमांत हे आहे आणि घातक पदार्थांच्या 2002 च्या नियमांतही, ज्यांना आम्ही सगळे 'कॉश' म्हणतो. आता आमचा धंदा बघा. बहुतेक ठिकाणी नवरा-बायको, बाप-लेक, नाहीतर एकटाच माणूस आणि त्याची व्हॅन. पाचाचा आकडा गाठणारे थोडे. म्हणजे ज्या धंद्यात नवखा माणूस आठवडाभरासाठी येतो, घाईत शिकतो आणि निघून जातो, नेमका तिथेच लिहिलेला कागद नाही. छोट्या मालकावर कागदपत्रांचा बोजा नको हा त्या सवलतीमागचा हेतू मला पटतो. म्हणूनच माझे म्हणणे आहे की कागद मालकाने नव्हे, आपण लिहावा. एका पानाचा, याच धंद्यासाठी, चित्रांसह.

त्या पानावर काय हवे ते आमच्या कामातूनच सांगतो. लेंटन, रॅडफर्ड, फॉरेस्ट फील्ड्स या भागांत एकमेकांना खेटून असलेली विटांची जुनी घरे आहेत. त्यांतली कित्येक विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेली. जूनअखेर एक तुकडी घर सोडते आणि लगेच दुसरी येते. मधल्या थोड्या दिवसांत शेकडो घरांची कार्पेट धुऊन वाळवायची असतात. जिने अरुंद आणि उभे. मशीन रिकामे असले तरी जड, आणि टाकीत चाळीस लिटर पाणी असेल तर त्यात आणखी चाळीस किलोंची भर. वजन उचलण्याबाबतच्या आपल्या मार्गदर्शनात पुरुषासाठी 25 किलो आणि स्त्रीसाठी 16 किलो असा अंदाज दिला आहे, तोही वस्तू कमरेच्या उंचीला आणि अंगालगत असेल तर. जिन्यावर यातले काहीच जुळत नाही. टाकी रिकामी केल्याशिवाय मशीन पायरीवर चढवायचे नाही आणि दोघांशिवाय तर नाहीच, ही एक ओळ जरी मदतीला आलेल्या नवख्या मुलाच्या हातात असती तरी 'लवकर आटप' म्हणणाऱ्याला तो ती दाखवू शकला असता.

या कामात सगळ्यात जास्त भीती कशाची, असे विचाराल तर ओल्या कार्पेटवरून स्वयंपाकघराच्या गुळगुळीत फरशीवर पडणाऱ्या पहिल्या पावलाची. बुटाच्या तळाला साबणाचे पाणी असते, हातात गरम पाण्याचा होज असतो आणि लक्ष मागच्या खोलीत. आपल्याकडे नोंद होणाऱ्या अपघातांत घसरून किंवा अडखळून पडणे वर्षानुवर्षे सर्वांत वर आहे. दारात एक कोरडा टॉवेल टाकला, घरमालकाला 'इकडून येऊ नका' म्हणून सांगितले, होज भिंतीच्या कडेने नेला तर यातले बरेच टळते. खर्च काहीच नाही.

विजेचेही तसेच. पाणी तापवणाऱ्या काही मशीनना दोन वायरी असतात आणि त्या दोन वेगळ्या सर्किटवर लावायच्या असतात. जुन्या घरात दोन्ही एकाच भिंतीत खोचल्या जातात. एक्स्टेंशनची वायर रिळावर गुंडाळलेली तशीच राहिली तर आतल्या आत तापते आणि वितळते. व्हॅनमध्येच इंजिनावर चालणारे मोठे यंत्र असेल तर धूर कुठे जातो हे पाहावे लागते. होज आत घ्यायला घराचे दार उघडे असते आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

आता रसायने. इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण त्यांचे घाव वरून दिसत नाहीत. डाग सैल करणारा प्री-स्प्रे बहुधा अल्कधर्मी असतो, नंतरचा रिन्स आम्लधर्मी, आणि हट्टी डागांसाठी सॉल्व्हंटच्या लहान बाटल्या वेगळ्या. प्रत्येक घातक रसायनाबरोबर पुरवठादाराने सुरक्षा माहितीपत्रक द्यायचे असते. ते अनेक पानांचे असते आणि फाइलमध्ये राहते. ते हाताशी असले म्हणजे काम झाले असे नाही, हे आपणही वारंवार सांगता. प्रत्यक्ष व्हॅनमध्ये काय होते? पाच लिटरच्या कॅनमधून रसायन एका साध्या स्प्रे बाटलीत ओतले जाते. बाटलीवर नाव नसते. कधी ती प्यायच्या पाण्याची जुनी बाटलीच असते. ग्लोव्ह्ज ओले झाले की काढून ठेवले जातात. संध्याकाळी मनगट लाल होते, आठवड्याने कातडी फाटते, आणि त्या मुलाला वाटते की थंडीमुळे होत असेल. कामामुळे होणारा त्वचारोग आणि दमा या सफाई कामगारांना वाढीव धोका असलेल्या व्याधी आहेत, हे आपणच सांगता. त्याच्यापर्यंत ते पोचलेले नाही.

यातली एक बाटली मला वेगळी काढून दाखवायची आहे. गंजाचे डाग काढणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. सौम्य द्रावण कातडीला लागले तर लगेच दुखतही नाही, दुखणे काही तासांनी सुरू होते. तोवर ते आत उतरून शरीरातले कॅल्शियम खेचू लागलेले असते. पाण्याने धुवायचे, कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावायचे आणि त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे, हे जिथे बाटली आहे तिथे लिहिलेले हवे. जेल व्हॅनमध्ये नसेल तर बाटलीही नको.

जानेवारी 2024 मध्ये हेंक वादळानंतर ट्रेंट नदीला पूर आला आणि नॉटिंगहॅमशायरमध्ये मोठी आपत्ती जाहीर करावी लागली. पाणी ओसरले की भिजलेली कार्पेट उचलायला आमच्यासारखेच जातात. मुंबईत वाढलेल्या मुलाला लेप्टोस्पायरोसिस माहीत असतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर घरोघरी त्याची भीती होती. पण ट्रेंटच्या पाण्यातही उंदरांचे मूत्र असू शकते, हे त्याच्या मनात येत नाही, कारण इथले सगळे स्वच्छ असते असे तो धरून चालतो. याच आजारासाठी कामगाराने खिशात ठेवायचे आणि डॉक्टरला दाखवायचे छोटे कार्ड आपण काढले होते. मला हवा आहे तो कागद त्याच जातीचा आहे.

आता त्या मुलांविषयी. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येते. एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळ्यातला प्रबंधाचा काळही सत्रातच धरला जातो, त्यामुळे नेमक्या गर्दीच्या जून-जुलैतही तीच मर्यादा. या व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही. तरीही कुणीतरी अशा मुलाला सांगते, 'तू माझा नोकर नाहीस, तू स्वतंत्र आहेस, ग्लोव्ह्ज तुझे तू आण.' 6 एप्रिल 2022 पासून सुरक्षा साधने देण्याचे मालकाचे कर्तव्य तात्पुरत्या, सैल करारावरच्या कामगारांपर्यंतही नेले आहे. त्याला हे ठाऊक नसते. त्याला एवढेच कळते की स्वयंरोजगार म्हणून आपले नाव कुठे निघाले तर व्हिसा जाईल. म्हणून जिन्यावरून पडला तरी तो गप्प बसतो, घरी फोनवरही सांगत नाही. लहान धंद्यांतले आणि स्वयंरोजगारातले अपघात कमी नोंदले जातात हे आपल्याला माहीत आहे. त्या न नोंदलेल्या आकड्यात ही मुले आहेत. तक्रार केली तर आपले नाव कुणाला कळेल, कुणाला कळणार नाही आणि ती माहिती व्हिसा खात्याकडे जाते की नाही, हे मी मागतो आहे त्या कार्डावर स्पष्ट शब्दांत छापा. उत्तर त्यांच्या सोयीचे नसले तरी छापा. अंदाजावर जगण्यापेक्षा ते बरे.

1974 चा आपला मूळ कायदा लॉर्ड रोबेन्स यांच्या समितीच्या 1972 च्या अहवालावर उभा आहे. ज्याच्या कामातून धोका निर्माण होतो त्यानेच तो आवरावा, हा त्याचा गाभा. रोबेन्स त्याआधी राष्ट्रीय कोळसा मंडळाचे अध्यक्ष होते, आणि हा परगणा त्या कोळशावर जगला. शहराबाहेरच्या गेडलिंगच्या खाणीत कॅरिबियन बेटांवरून आलेले कितीतरी कामगार होते. परदेशी हातांनी धोक्याचे काम करणे या मातीला नवे नाही. पण खाणीत माणसे एकत्र असत, युनियन होती, जुना जाणता शेजारी होता. आमचा मुलगा परक्या घरात, बंद दारामागे, अनेकदा एकटा असतो. त्याला समजेल अशी आणि त्याच्या कामाची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे, असे 1999 च्या नियमांतच लिहिले आहे. ती त्याला समजली की नाही, हे पाहणारे त्या घरात कुणी नसते.

नुसते कार्ड छापून ते व्हॅनपर्यंत पोचणार नाही. घरे भाड्याने देणाऱ्या एजन्सी, दोन्ही विद्यापीठे आणि नगर परिषद यांच्याकडून आमच्यासारख्यांना कामे मिळतात. काम देताना ते विम्याची प्रत मागतात, दर मागतात. 'हे कार्ड तुमच्या व्हॅनमध्ये आहे का आणि ते आज येणाऱ्या मुलाने वाचले आहे का' हा प्रश्नही त्यांनी विचारावा, असे आपण त्यांना लिहा. दर पाडून मागणाऱ्याने निदान एवढे विचारावे. 2019 च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये व्यावसायिक सफाईचा खर्च भाडेकरूवर लादता येत नाही, आणि हे चांगलेच झाले. मात्र आता घरमालक पैसे देतो आणि तो स्वस्त माणूस शोधतो, असा माझा अनुभव आहे. स्वस्त माणूस ग्लोव्ह्जवर वाचवतो.

येत्या जूनआधी एखादा निरीक्षक लेंटनला पाठवा. आमच्याबरोबर एक दिवस जिने चढू द्या, बाटल्या उघडून पाहू द्या. कार्डाचा मसुदा तयार असेल तर तो आधी या मुलांच्या हाती देऊन काय कळले ते विचारा. तयार नसेल तर माझ्या व्हॅनच्या दाराला आतून चिकटवलेला, हाताने लिहिलेला कागद मी देतो. त्यात चुका असतील त्या सुधारा आणि तोच छापा.

कळावे,
आपला,
नॉटिंगहॅममधील एक कार्पेट सफाई व्यावसायिक