ठमीला शिंक आली!

कुत्रा आजारी पडला तर ऑफिसात लोक हळहळतात. मांजर दोन दिवस जेवली नाही तर डॉक्टरांचे नंबर आपसूक येऊन पडतात. पण 'माझी कोंबडी आजारी आहे' असं एकदा सांगून बघा! समोरून एकच प्रश्न येतो, 'मग? रस्सा की सुकं?'

गेल्या महिन्यात हा प्रश्न मी किमान बारा वेळा ऐकला. आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं, हा विनोद जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचलाय.

तर ही ठमी. पाचेक महिन्यांची गावठी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. माझ्या भावाने मावळातल्या एका आठवडी बाजारातून चारशे रुपयांना आणली. आमचं घर तळमजल्यावर, मागे छोटंसं अंगण. घरमालकांची परवानगी आधीच काढली होती. 'कोंबडा नको, कोंबडी चालेल,' एवढीच त्यांची अट. तीन दिवस ठमीने अंगणात मॅनेजरसारखी फेरी मारली. चौथ्या दिवशी शिंकली. पाचव्या दिवशी डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, नाक ओलं आणि रात्री झोपेत घशातून घरघर.

लगेच सल्ल्यांचा पाऊस! आई फोनवर म्हणाली, 'थंडी बाधली असेल, पाण्यात हळद घाल.' शेजारच्या काकू म्हणाल्या, 'आमच्याकडे उरलेली अँटिबायोटिक आहे बघ, अर्धी गोळी दे.' भाऊ म्हणाला, 'गावाला आज्जीकडे सोडून येतो. मोकळ्या हवेत बरी होईल.' तिन्ही सल्ले प्रेमाचे. त्यातला तिसरा तर मला फारच सोयीचा वाटला. डेडलाईन तोंडावर होती ना!

पण कोंबडीचं एक आहे. ती आजार लपवते. कळपात जो पक्षी कमजोर दिसतो, त्यालाच टोचे बसतात, शिकारीही त्यालाच हेरतो. त्यामुळे आपल्याला आजार दिसतो, तोवर तो बराच पुढे गेलेला असतो. 'वीकेंडला बघू' हा आपला लाडका फंडा इथे चालत नाही.

कुत्र्या-मांजरांच्या एका चकाचक क्लिनिकने 'आम्ही कोंबड्या बघत नाही' असं गोड आवाजात सांगितलं. मग सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. तिथे कुणीही हसलं नाही. डॉक्टर मॅडमनी सरळ प्रश्न सुरू केले. कधी आणली? कुठून? लस दिली होती का? घरात अजून पक्षी आहेत? विष्ठा हिरवी आहे का? मान वाकडी होते का?

शेवटचे दोन प्रश्न मानमोडीसाठी, म्हणजेच रानीखेतसाठी. उत्तराखंडातलं ते थंड हवेचं ठिकाण आपल्याला हनीमून पॅकेजमुळे माहीत. पोल्ट्रीवाल्यांना मात्र हे नाव ऐकून घाम फुटतो. हा आजार विषाणूचा. त्यावर औषध नाही, फक्त लस आहे, आणि ती पिल्लू आठवड्याचं असतानाच सुरू करतात. बाजारातल्या कोंबडीला ती मिळाली की नाही, कोण सांगणार?

ठमीची मान सरळ होती, विष्ठाही ठीक होती. रक्ताचा नमुना घेतला आणि निदान झालं सीआरडी, अर्थात श्वसनमार्गाचा जुनाट आजार. मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूमुळे होतो. माणसाला होत नाही, त्यामुळे ऑफिसवाल्यांनो, मास्क लावून माझ्यापासून लांब बसायची गरज नाही!

मॅडमनी समजावलं, की हा जंतू कोंबडीच्या अंगात गप्प बसून राहू शकतो. मग बाजार, पाटीतली गर्दी, टेम्पोचे धक्के, नवं घर, नवं पाणी. एवढ्या ताणानंतर तो डोकं वर काढतो. नवी कोंबडी पहिल्या एक-दोन आठवड्यांतच का आजारी पडते, त्याचं हे साधं कारण. शिवाय पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, थेट पोटापर्यंत पसरलेल्या. सर्दी नाकातून तिथवर उतरली की काम कठीण. अजून एक गोष्ट. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छाती हलवूनच ती श्वास घेते. म्हणून दमलेल्या कोंबडीला प्रेमाने घट्ट कवटाळणं म्हणजे तिचा श्वास कोंडणं.

काकूंच्या गोळीचं काय? ती होती अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनच्या कुटुंबातली. ही औषधं जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर हल्ला करतात. आणि मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते! म्हणजे गोळी वाया, कोंबडीचे दोन दिवस वाया. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं, वजन करून, पाण्यातून, ठरलेले दिवस. 'तेवढे दिवस दुसरं पाणी ठेवायचं नाही आणि बरी दिसली म्हणून मध्येच थांबायचं नाही.' हळदीला मॅडम नाही म्हणाल्या नाहीत, पण औषधाऐवजी नको, म्हणाल्या.

बाकीचं काम झाडूचं. ओलं झालेलं तूस रोज बदलायचं. विष्ठेतून सुटणारा अमोनिया आजारी नाकाला फार झोंबतो. खुराड्यात वाकून आपल्याच नाकाला वास आला तर समजा, ठमी तो चोवीस तास घेतेय. खुराड्याला वरून झरोका हवा, पण अंगावर थेट वारा नको. सहाव्या दिवशी घरघर कमी झाली. नवव्या दिवशी तिने माझ्या चपलेला टोच मारली. त्या दिवशी मी पार्टीच द्यायची बाकी होते.

आणि मग मॅडमनी खरी बातमी दिली. 'बरी झाली तरी जंतू अंगातून पूर्ण जात नाही. ही आता वाहक. हिच्या अंड्यातून पिल्लांपर्यंतही तो जाऊ शकतो.'

आज्जीकडे पंधरा कोंबड्या आहेत. अंडी विकून येणारा पैसा हा तिचा स्वतःचा, कुणापुढे हात न पसरता खर्च करायचा पैसा. ठमीला 'मोकळ्या हवेत' सोडणं म्हणजे तो आजार आज्जीच्या खुराड्यात नेऊन ठेवणं. भावालाही हे पटलं. म्हणजे ठमी इथेच राहणार. कोंबडी हा कळपातला प्राणी, पण तिच्या सोबतीला निरोगी कोंबडीही आणता येणार नाही. म्हणून सध्या रोज दोन तास लॅपटॉप घेऊन मी अंगणात बसते. कळप म्हणून मी फारशी चांगली नाही, पण ठमी चालवून घेते.

तुमच्यापैकी कुणाला कोंबडी पाळायचा कीडा चावला असेल, तर घेताना तिच्याकडे पाच मिनिटं नुसतं बघा. डोळे कोरडे आणि चमकदार हवेत, चोच मिटलेली हवी, श्वासागणिक शेपूट वर-खाली होता कामा नये. घरी आधीच कोंबड्या असतील तर नवीला तीन-चार आठवडे वेगळी ठेवा, तिचं भांडंही वेगळं. अंडी सुरू असतील तर औषधानंतर किती दिवस ती खायची नाहीत, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

आणि हो, पक्षी एकामागोमाग अचानक मरायला लागले, तुरे निळे पडले, तर हात लावू नका. ती वेळ घरगुती उपायांची नाही. 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला आणि 2021 मध्ये परभणीत बर्ड फ्लूने काय झालं, ते महाराष्ट्राने पाहिलंय. थेट पशुसंवर्धन विभागाला कळवा.

चारशेच्या कोंबडीवर किती खर्च झाला, हेही लोक विचारतात. केसपेपर, औषध, रिक्षा धरून तिच्या किमतीच्या दुपटीपेक्षा थोडा जास्त. आज्जीला हा आकडा सांगितला. ती एवढंच म्हणाली, 'माझ्या पंधरा वाचल्या की गं!'