बाटलीबंद पाला

अंगाला केमिकलचा एक थेंबही लावणार नाही, अशी घोर प्रतिज्ञा केलेल्या माणसांबद्दल मला नितांत आदर आहे. पाण्याशिवाय आंघोळ करणं सोपं नाही. त्यांच्यातली जी मंडळी हल्ली पेटिटग्रेनच्या भजनी लागली आहेत, त्यांच्याबद्दल मात्र आदराच्या पुढचं काहीतरी वाटतं. ते छापण्याजोगं नाही, म्हणून हा लेख.

पेटिटग्रेन म्हणजे नारिंगाचा पाला. कडू नारिंगाची पानं आणि कोवळ्या डहाळ्या भट्टीत कोंबायच्या, खालून वाफ सोडायची आणि वर उडून येईल तो वास गार करून बाटलीत धरायचा. याच झाडाच्या फुलांपासून निरोली निघतं. त्याच्या एका किलोला टनभर फुलं लागतात, त्यामुळे त्याचा तोरा राणीसरकारांचा. सालीचं तेल दाबून काढतात, ते बिचारं स्वस्त. पाला या दोघांच्या मधला, म्हणजे सुस्थितीतला मध्यमवर्गीय. अत्तरवाल्यांनी त्याचं चीज केलं. 1709 साली जर्मनीतल्या कोलोन शहरात फारिना नावाच्या इटालियन घराण्याने सुगंधी पाण्याचं दुकान मांडलं. त्यातून रुजलेल्या कोलोन नावाच्या प्रकारात नारिंगाचं फूल, साल आणि पाला तिघेही गुण्यागोविंदाने नांदतात. वास खरोखर सुरेख आहे. हिरवा, किंचित कडसर, नुकत्याच छाटलेल्या फांदीसारखा. रुमालावर टाका, उशीवर टाका, माझी काही हरकत नाही.

पण नुसता वास आवडून आपल्या माणसाचं भागत नाही. वासाला गुण हवा, गुणाला शास्त्र हवं आणि शास्त्राला ऋषी हवा.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एकदा ‘निसर्गाकडे चला’ म्हणून कार्यशाळा झाली. निसर्गाकडे जायला एसी लावलेला होता. चालवणाऱ्या मॅडम सर्टिफाइड होत्या. कशात, ते सर्टिफिकेटवर बारीक अक्षरात होतं आणि सर्टिफिकेट लांब टांगलेलं होतं. त्यांनी एकेक छापील कागद वाटला. पेटिटग्रेन: तेलकट त्वचा संतुलित करते, कोरड्या त्वचेला ओलावा देते (एकाच बाटलीने, हे लक्षात घ्या), मुरूम घालवते, डाग पुसते, त्वचेचा पीएच राखते, मज्जासंस्था शांत करते, हृदयचक्र उघडते. शेवटच्या दोन कलमांच्या मध्ये नुसता स्वल्पविराम. मज्जासंस्थेकडून हृदयचक्राकडे जाताना वाटेत नाकासुद्धा नाही!

मी हात वर केला. “मॅडम, या तेलात पाणी किती?”

“अजिबात नाही ताई! शंभर टक्के प्युअर!”

“मग पीएच कशाचा?”

पीएच मोजायचा तो पाण्यातल्या द्रावणाचा, एवढं आठवीच्या लिटमस कागदालाही ठाऊक असतं. तेलाला स्वतःचाच पीएच नाही, ते दुसऱ्याचा काय राखणार? मॅडम हसल्या. “ताई, थोडं पॉझिटिव्ह राहा ना.” हा युक्तिवाद अजिंक्य आहे. न्यायशास्त्रात त्याला ठाव नाही, पण टाळ्या त्यालाच पडतात.

मग कंपनं आली. ती येणारच होती. तेलांना म्हणे स्वतःची वारंवारिता असते. गुलाबाच्या तेलाची 320 मेगाहर्ट्झ, हा आकडा या पंथात वेदवाक्यासारखा फिरतो. आपला एफएम रेडिओ 88 ते 108 वर चालतो. म्हणजे गुलाबाच्या बाटलीने आकाशवाणीच्या तिप्पट प्रक्षेपण करायला हवं. निदान सकाळच्या बातम्या तरी?

पण खरी मौज याच्याही पुढे होती. मॅडमनी पिशवीतून एक परदेशी साबण काढला, त्याच्या वेष्टनावरची यादी मोठ्याने वाचली आणि लिनालूल या नावावर बोट ठेवून विचारलं, “हे तुम्ही तुमच्या बाळाला लावणार?” हॉल शहारला. मागच्या रांगेतल्या एका आजींनी नातीला जवळ ओढलं.

आता गंमत ऐका. पेटिटग्रेनमध्ये साधारण निम्मं लिनालिल अ‍ॅसिटेट असतं आणि पाव भागाच्या आसपास लिनालूल. होय, तेच. साबणवाला ते नाव छापतो, कारण युरोपच्या कायद्याने त्याला भाग पाडलंय: धुऊन टाकायच्या वस्तूत दहा हजारांत एक भागाहून जास्त असेल, तर छाप, अंगावर राहणाऱ्या मलमात लाखात एक भागाहून जास्त असेल, तर छाप. मॅडमच्या बाटलीत ते पाव भाग, आणि तिच्यावर छापलंय काय, तर ‘केमिकल-फ्री’. साबणात चिमूटभर असलं की विष, बाटलीत पावशेर असलं की अमृत. पावशेर विष अंगाला लावा म्हणून सांगणारी ही जगातली पहिलीच विषविरोधी चळवळ असावी.

यावरचं उत्तर मला पाठ आहे. ते सिंथेटिक, हे नॅचरल. बरं. पाइनच्या टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेला लिनालूलचा रेणू आणि पाल्यातून निघालेला लिनालूलचा रेणू समोर आले, तर आपली कातडी कुणाकडे जातीचा दाखला मागत नाही. पाल्यातल्या तेलात बाकीही पाचपन्नास घटक असतात, त्यांनी वास गहिरा होतो, हे मान्य. पण ते घटकही केमिकलच, बाई. ते काही देवघरातून आलेले नाहीत.

आणि ज्या एका गोष्टीची धास्ती घ्यायला हवी, तिचं नाव त्या दोन तासांत निघालं नाही. ती म्हणजे हवा. तीही नैसर्गिकच. ताजं लिनालूल तसं गरीब असतं. झाकण उघडलं, हवा लागली की त्याची हायड्रोपेरॉक्साइडं होऊ लागतात आणि ती त्वचेला ॲलर्जी शिकवण्यात पटाईत. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्वचेची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णांना हवा खाल्लेल्या लिनालूलची पट्टी लावून पाहिली, तेव्हा अनेक देशांत मिळून सुमारे 7 टक्के लोकांची कातडी उठली. आमच्याकडे ही बाटली कुठे असते? बाथरूमच्या खिडकीत, अर्धी रिकामी, झाकण सैल, बाहेर एप्रिल. तोंडावर पुरळ आलं की म्हणायचं, “बघा, टॉक्सिन बाहेर पडतायत!” रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं आपण म्हणतो. इथे तर पखालीतूनच रोग येतोय आणि रेडा कृतज्ञतेने मान डोलावतोय.

ओलाव्याची कथा तर आणखी रम्य. या तेलात स्निग्ध असं काही नसतंच. कागदावर थेंब टाका, थोड्या वेळाने डागसुद्धा मागे राहत नाही. जाणकार सांगतात, चेहऱ्याला लावायचं तर एक टक्का, म्हणजे तीस मिलीलिटर बदाम किंवा तीळ तेलात साधारण सहा थेंब. त्वचा मऊ होते ती त्या तीस मिलीलिटरने. श्रेय कोण घेतं? सहा थेंब. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण बहुधा अशाच एखाद्या फेस ऑइलच्या बाटलीकडे बघून सुचली असावी. मॅडमचा सल्ला तर असा, की हे तेल ‘इतकं जेंटल’ आहे की थेट लावलं तरी चालतं.

उन्हाचा इशारा मात्र त्यांनी न चुकता दिला: “लावून बारा तास उन्हात जायचं नाही.” मी खूश झाले. पण क्षणभरच. हा इशारा दाबून काढलेल्या बर्गमोटच्या सालीचा. तिच्यात बर्गाप्टिन असतं, ऊन लागलं की कातडी करपते आणि काळे पट्टे उमटतात. वाफेवर काढलेल्या नारिंगाच्या पाल्यात ती भानगड नाही. भानगड आहे ती मँडरिन संत्र्याच्या पाल्याच्या तेलात. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या त्या तेलातला एक मोठा घटक उन्हात त्रास देतो, म्हणून अंगावर राहणाऱ्या वस्तूंत त्याचं प्रमाण 0.1 टक्क्यावर ठेवा, असा अत्तर उद्योगाचाच दंडक आहे. ती बाटली त्याच टेबलावर शेजारी मांडली होती, ‘लहान मुलांसाठी बेस्ट’ अशी चिठ्ठी लावून. म्हणजे कुत्रा बांधलेला त्यांनी शेजारच्या दारात, आणि ‘कुत्र्यापासून सावध’ची पाटी आपल्या दारावर.

मग ऋषी. “ही आपली पाच हजार वर्षांची परंपरा आहे.” ऋषींचं नाव गातफोसे. रेने-मोरीस गातफोसे, मुक्काम लियॉं, फ्रान्स. धंदा अत्तराचा. 1910 साली प्रयोगशाळेत स्फोट होऊन हे गृहस्थ भाजले. जखमा चिघळल्या, तेव्हा त्यांनी लॅव्हेंडरचा अर्क वापरला. भाजलेला हात चुकून लॅव्हेंडरच्या पिंपात बुडाला आणि चमत्कार झाला, ही नंतरच्या भक्तांनी चढवलेली फोडणी. 1937 साली त्यांनी पुस्तक लिहिलं आणि या प्रकाराचं बारसं केलं. पाच हजारांतून उरतात ती शंभरही नाहीत. आयुर्वेदात सुगंधी द्रव्यांना तोटा नाही, चंदन आहे, वाळा आहे. पण दक्षिण अमेरिकेतल्या नारिंगाचा पाला चरकाच्या पदरात बांधताना निदान नकाशा तरी उघडावा!

कारण हा पाला येतो पॅराग्वेतून, निदान जगात जो सगळ्यात जास्त विकला जातो तो तरी. स्पॅनिश लोकांनी कडू नारिंग तिकडे नेलं, ते रानात माजलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बालांसा नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथे पाला गाळायची भट्टी घातली. आजही सान पेद्रो भागातले लहान शेतकरी कोयत्याने फांद्या तोडतात, लाकूडफाटा जाळून वाफ करतात आणि धुरात डोळे चोळत उभे राहतात. एक किलो तेलाला काही शे किलो पाला. या सगळ्या कहाणीत घाम गाळणारा एवढाच एक माणूस आहे आणि त्याच्या मज्जासंस्थेची विचारपूस कुणी केलेली नाही. आपल्याकडे पोचेपर्यंत त्याच्या पाल्यावर पद्मासनातला योगी आणि मागे बर्फाचा डोंगर छापला जातो. पॅराग्वेत बर्फाचा डोंगर नाही. योगी असेल, तर तोही नारिंगाचा पालाच तोडत असेल.

“पण ताई, रिसर्च आहे!” आहे ना. बार्सिलोनात विद्यापीठाच्या कचेरीतल्या चाळीसएक कर्मचाऱ्यांवर पेटिटग्रेनचा वास सोडून पाहिला, तेव्हा त्यांचा ताण कमी झाला आणि काम भराभर उरकलं, असं नोंदवलंय. मी हे हसण्यावारी नेत नाही. चांगल्या वासाने माणूस खुलतो, त्यात नवल ते काय? पण चाळीस माणसं म्हणजे एक लग्नाची बस. शिवाय वास लपवता येत नाही. गोळी खरी की खोटी, हे रुग्णाला कळू न देता तपासता येतं. नाकाला कसं फसवणार? आणि कचेरीच्या कामाचं म्हणाल, तर आपल्याकडे फाइल वेगळ्याच वासाने हलते. मुरूम, डाग आणि चक्र यांचा त्या बार्सिलोनाच्या कर्मचाऱ्यांशी काय संबंध, हे मॅडमनाच ठाऊक.

हा सगळा निरुपद्रवी वेडेपणा आहे, असंही काही सज्जन म्हणतात. चार थेंबांनी कुणाचं काय बिघडतं? 2014 साली आफ्रिकेत इबोलाने माणसं मरत होती, तेव्हा तेलाच्या दोन बड्या अमेरिकी कंपन्यांचे विक्रेते तेलं इबोलावरही चालतात असं सांगत सुटले होते. अमेरिकेच्या औषध खात्याला त्या कंपन्यांना लेखी समज द्यावी लागली. मुरमापासून इबोलापर्यंतचा रस्ता मुळीच लांब नाही. आपल्याकडेही 1954 पासून जादुई उपचारांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आहे. विक्रेते तो वाचतात आणि मन लावून वाचतात. पुरावा त्या बाटलीच्या खोक्यावरच होता.

चष्मा वर करून मी तो वाचला. पुढच्या बाजूला कमळ. मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात: फक्त बाह्य वापरासाठी, डोळ्यांपासून दूर ठेवा, त्वचेवर थेट लावू नये, कोणत्याही आजाराच्या निदानासाठी वा उपचारासाठी नाही. दोन तास मॅडमनी जे बांधलं, ते खोक्याने चार कलमांत पाडलं होतं. मी पुन्हा हात वर केला आणि विचारलं, “मॅडम, तुमचं खरं मानायचं की खोक्याचं?”

तेवढ्यात बटाटेवडे आले.