व्हिसा हातात, माहिती वाऱ्यावर

परदेशी पर्यटकाला भारताचा व्हिसा मिळवणं आता पूर्वीइतकं जिकिरीचं राहिलेलं नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये 43 देशांपासून सुरू झालेली ऑनलाइन सोय आज दीडशेहून अधिक देशांच्या नागरिकांना मिळते. 1 ऑक्टोबर 2025 पासून ई-अरायव्हल कार्डही आलं. भारतात येण्याआधीच्या 72 तासांत ते घरबसल्या भरता येतं. म्हणजे कोण येतोय, कधी येतोय, कुठे उतरणार आणि त्याचा ईमेल काय, हे सगळं सरकारला आधीच ठाऊक असतं. एवढं ठाऊक असताना इथले नियम मात्र त्याने स्वतःच हुडकून काढावेत, हे मला अजिबात पटत नाही. व्हिसाच्या मंजुरीसोबतच ते त्याच्या हातात पडायला हवेत.

सॅटेलाइट फोनचंच घ्या. त्याच जातीचं, मुठीत मावणारं एक उपकरण डोंगर भटकणारे लोक सॅकच्या पट्ट्याला अडकवतात. मोबाइलला रेंज नसलेल्या दरीत पाय मोडला, तर एक बटण दाबून मदत मागता येते. युरोप-अमेरिकेत ते दुकानात सहज विकत मिळतं आणि जवळ बाळगणारा माणूस शहाणा समजला जातो. भारतात मात्र परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांवर याच कारणासाठी कारवाई झाली आहे. विमान कंपन्यांनी प्रवाशांना ही बंदी सांगावी, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी 2025 मध्ये बजावलंही. पण विमानात बसल्यावर घोषणा ऐकून उपयोग काय? वस्तू तेव्हा बॅगेत असते आणि बॅग विमानाच्या पोटात. ई-सिगारेटचंही तेच, 2019 च्या कायद्याने तिच्या आयातीवर आणि विक्रीवर बंदी आहे, हे बाहेरून येणाऱ्याला कोण सांगणार?

यावर कुणी म्हणेल, सुरक्षेच्या बाबतीत ढिलाई नको. खरंच नको. 26/11 चे हल्लेखोर ज्या ‘कुबेर’ बोटीतून आले, तिच्यावर सॅटेलाइट फोन सापडला होता; मुंबईने जे भोगलं त्यानंतर या नियमामागचं कारण मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. पण नियम आधी सांगितल्याने तो सैल होत नाही. उलट, अजाणतेपणी उपकरण आणणाऱ्यांची गर्दी कमी झाली, तर तपास यंत्रणेचा वेळ खऱ्या संशयितांसाठी उरेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कुठल्याही देशात जाताना तिथले कायदे समजून घेणं ही प्रवाशाचीच जबाबदारी, सरकारने कुणाकुणाचं बोट धरायचं? जबाबदारी प्रवाशाचीच, हे मान्य. पण आपण शेंगेन व्हिसाची फाइल तयार करतो तेव्हा काय होतं, ते आठवा. बँकेची स्टेटमेंट्स, हॉटेलचं बुकिंग, किमान 30 हजार युरोंचा विमा... अटी कडक असतात, त्रास होतो. तरी काय लागणार हे अर्ज करतानाच कळतं. अट पाळायची की बेत रद्द करायचा, हे आपण घरी बसून ठरवू शकतो. विमानतळावर पोलिसांसमोर उभ्या असलेल्या माणसाला तो पर्याय नसतो.

आणि अज्ञान एकट्या पाहुण्याचंच नाही. परदेशी माणूस मुक्कामाला आला की 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवणं लॉजमालकावर बंधनकारक आहे. ‘सी फॉर्म’ म्हणून हे प्रकरण ओळखलं जातं. मोठ्या हॉटेलांत ते रोजचं काम. लोणारचं विवर बघायला आलेला पर्यटक एखाद्या छोट्या लॉजच्या काउंटरवर उभा राहतो, तेव्हा मालकाकडे त्यासाठीचं लॉगिनच नसेल तर ‘फॉरेनरला रूम देत नाही’ म्हणणं त्याला सोपं पडतं. त्याला दोष देण्यापेक्षा जिल्हा पातळीवर एक दिवस बसवून हे काम शिकवलेलं बरं.

मंजुरीच्या ईमेलला एक पान जोडायला खर्च जवळजवळ काहीच नाही. बॅगेत काय आणू नये, मुक्कामी कोणती कागदपत्रं दाखवावी लागतील, पीतज्वराच्या देशातून येणाऱ्याने लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी का घ्यावी, एवढं त्यात हवं. मुंबईत उतरणाऱ्यांसाठी आणखी एक ओळ: अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी.